पाणीमंत्र्यांच्या काडीमोडाची लढाई

दानाने नामे शहरी, बसथांब्यासमोर, ओदेतबाईंच्या वर्तमानपत्रांच्या टपरीपुढे, डिसेंबर महिन्यात कोरडा धूळवारा सुटला असता, खासे सिल्वेस्त्र तिया मथळेकरी आणि कोरोगोकर झाना सिलुए मास्तर यांजमध्ये तीन दिवस जो घनघोर संग्राम जाहला, त्याची हकीकत तपशीलवार लिहिली असे. ऐकणारांनी हसावे, त्यास मनाई नाही. परंतु ज्यांवर गुदरली त्यांस ती हसण्यावारी नव्हती, इतके ध्यानी असो द्यावे.

टपरीची रीत ऐसी. रोज सकाळी राजधानीकडोन पत्रांचे गठ्ठे येत, आणि ओदेतबाई प्रत्येक पत्राचे पहिले पान फळीवर कपडे वाळवायच्या चिमट्यांनी टांगीत, आणि फळीपुढे चार हातांवर दोरी बांधीत. दोरीअलीकडे उभे राहावे, हात पाठीमागे धरावे, मथळे फुकट वाचावे. पत्रास बोट लागले की ते विकत घ्यावे, ऐसा बाईंचा सक्त हुकूम. मग शिंपी, भाड्याच्या मोटारसायकलीवाले, कारकून आणि बेकार ऐसी पंचवीस-तीस असामी जमा होवोन केवळ मथळ्यांवरोन देशाचा कारभार अर्ध्या तासात निकालात काढी, आणि मग शेजारच्या गाड्यावर गार्बा, म्हणजे कसाव्याच्या कंदाचा मोकळा सांजा व तळलेला मासा, खावोन आपापल्या कामास जाई. राजधानीत जे गाद्यांवर बसोन कारभार करीत, त्यांचा निकाल याहून बरा लागत असे, ऐसे म्हणावयास पुरावा नाही.

या दरबाराचे मुख्य सिल्वेस्त्र तिया. जातीचे याकुबा, चाळीस वर्षे कॉफीच्या वखारीवर भांडारी, निवृत्त होवोन सहा वर्षे जाहलेली. टपरीपुढे उलट्या खोक्यावर बसण्याचा मान त्यांचा एकट्याचा. ते मथळे पाहोन डोळे मिटीत, घसा साफ करीत, आणि मग फर्मान सुटे: की फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाने राजीनामा देवोन कसावा लावावा, की विरोधकांत ऐक्य जाहले, याचा अर्थ निवडणुकीआधी आणखी दोन पक्ष निघणार, की टीव्हीवरील मालिकेतील सून सासूस विष घालील, परंतु शुक्रवारी घालणार नाही, शुक्रवारी जाहिराती फार. यांपैकी ज्या गोष्टी खऱ्या ठरत त्या लोकांच्या ध्यानी राहत, आणि ज्या न ठरत त्या लोक विसरोन जात, यास्तव तिया यांचा लौकिक दिवसेंदिवस वाढता राहिला.

परंतु एक गोष्ट त्यांच्या कुटुंबाखेरीज कोणास ठाऊक नव्हती. दोन वर्षांपासोन तिया यांच्या उभय नेत्रांत मोतीबिंदू उतरला होता. वीतभर अक्षरे दिसत. बारीक अक्षरे म्हणजे पानावर सांडलेल्या मुंग्या. दवाखान्यात जावे तर साऱ्या शहरास कळेल, आणि ज्यास दिसत नाही त्याचे मत कोण पुसेल, या धास्तीने ते गेले नाहीत. वखार सुटली, मुले परमुलखी गेली, एक ते खोके तेवढे राहिले होते. तेही गेले तर सकाळी उठोन जावे कोठे, हा घोर त्यांचे काळीज कुरतडीत असे.

ऐशात कोरोगोहून झाना सिलुए येवोन दाखल जाहले. जातीचे सेनुफो, पेशाने गणिताचे मास्तर. लेक येथील दवाखान्यात परिचारिका, तिजकडे कायमचे राहावयास आले. यांची चाल भलतीच. दोरीखालोन वाकोन जावे, पत्र विकत घ्यावे, बाकावर बसावे आणि पहिल्या अक्षरापासोन शेवटल्या निविदेपर्यंत वाचोन काढावे. मथळेकऱ्यांचे हात पाठीमागे होते म्हणोन, नाहीतर त्यांनी तोंडात बोटे घातली असती.

आता सेनुफो आणि याकुबा यांजमध्ये वाडवडिलांपासोन थट्टेचा करार चालत आला आहे. एकाने दुसऱ्यास गुलाम म्हणावे, त्याच्या नाकावरोन, जेवणावरोन, बुद्धीवरोन वाट्टेल ते बोलावे, आणि ऐकणाराने रागास येवो नये. रागावला तो हरला. मात्र खरी इजा करू नये, ती करील तो करारातोन बाद. यास्तव सिलुए यांनी पहिल्याच सकाळी तिया यांस, काय गुलाम, आज काय थापा मारल्यास, ऐसे पुसिले, आणि तिया यांनी, गुलामाने आधी मालकास रामराम करावा, ऐसा जबाब दिला, आणि दोन महिने उभय दौलतींचा स्नेह उत्तम चालिला.

मग तो मंगळवार उगवला. विरोधकांच्या हिरव्या पत्रावर मोठा मथळा आला, 'तिसरीलाही सोडलं!' आणि त्याखाली मोठी तसबीर: काळा सूट, भरघोस ढेरी आणि हात नळाच्या तोटीवर. तिया यांनी ढेरीवरोन पाणीमंत्री बिनचूक ओळखिले. वास्तविक मथळा होता डीजे कैमान नामे गायकाचा. त्याची चिमुकली तसबीर कोपऱ्यात होती, ती चिमट्याखाली झाकली गेली. आणि मंत्र्यांच्या तसबिरीखाली परगावच्या नळयोजनेच्या उद्घाटनाची एक बारीक ओळ होती, ती तिया यांस दिसली नाही, आणि इतरांनी पाहिली नाही, कारण तिया यांनी एकदा पाहिल्यावर आणखी कोणी पाहण्याचा तेथे रिवाज नव्हता.

मग तिया यांनी डोळे मिटिले आणि फर्मान काढिले की, पाणीमंत्र्यांनी तिसऱ्या बायकोशी काडीमोड घेतला. ही बायको पक्षाच्या खजिनदाराची भाची असलीच पाहिजे, एरवी इतकी मोठी अक्षरे छापिली नसती. सबब खजिनदार हात आखडता घेईल, ईस्टरपूर्वी मंत्रिमंडळ कोसळेल, आणि तोवर नळास पाणी येणार नाही. शहरात तीन आठवडे पाणी आले नव्हते, यास्तव हे मत लोकांस फार पटले. बामोरी शिंप्याने ते बाजारात पोहोचविले, आणि दुपारपर्यंत भाजीवाल्या बाया त्या तिसरीसाठी हळहळू लागल्या. कोणी कोणी तिचे माहेरही शोधोन काढिले.

इकडे टपरीपुढे त्याच सकाळी सिलुए यांनी बाकावर पत्र वाचोन संपविले, चष्मा पुसिला, आणि सर्वांसमक्ष बोलिले, "अरे गुलामा, मंत्र्याला बायको एकच आहे. तिसरी त्या गायकाची."

तिया यांनी मुद्रा ढळू न देता जबाब दिला की, आतली पाने ज्यांस मथळा समजत नाही त्यांच्याकरिता छापतात. यावर मोठा हशा पिकला, आणि येणेप्रमाणे युद्धास तोंड लागले.

बुधवारी उभय फौजा समोरासमोर ठाकल्या. सिलुए यांनी मोठी मसलत केली: आपले पत्र बाकावर पसरोन, ज्यास वाटेल त्याने बोट लावावे, ऐसी खुली परवानगी दिली. जन्मात प्रथमच फुकट पानास हात लागतो म्हणताच बारा असामी मथळेकऱ्यांतोन फुटोन तिकडे सामील जाहली. तिया यांची बाजू हवालदिल जाहली. तेव्हा बामोरी शिंपी मर्दुमकीने पुढे सरसावला आणि त्याने सवाल टाकिला की, मंत्र्याला एकच बायको असेल तर तो तसबिरीत इतका हसतो कशापायी. मग सिलुए यांनी सत्यावर भिस्त ठेवोन नळयोजनेची बातमी मोठ्याने वाचावयास घेतली. नळाची लांबी, नळाची जाडी, आणि हजर अकरा अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसहित. नवव्या अधिकाऱ्यापाशी सहा फितूर जांभया देत परत तिया यांच्या निशाणाखाली आले. सत्य पुष्कळ लांब असते आणि लोकांस कामावर जाणे असते, हे मास्तरांनी जमेस धरिले नव्हते.

त्या दिवशी दुपारी तिया घरी गेले, आणि पानावर बसले, परंतु जेवण नुसतेच चिवडीत राहिले. कुटुंब एलिझबाई यांनी पंखा खाली ठेविला आणि म्हणाल्या, "अहो, चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा. एवढं काय त्यात?"

"चुकलं कसं, ते विचारतील. ती ओळ दिसली नाही का, म्हणतील. मग काय सांगू?"

"दिसत नाही म्हणून सांगा."

तिया यांनी पुढले ताट सारिले. एलिझबाईंस वाईट वाटले, कारण लग्नास पंचेचाळीस वर्षे जाहली होती, आणि हा मनुष्य ताट सारतो म्हणजे भितो, हे त्यांस ठाऊक होते.

गुरुवारी निर्वाणीचा प्रसंग आला. बातमी शहरभर पसरल्यामुळे टपरीपुढे पन्नासांवर लोक लोटले. ओदेतबाईंनी दोरी दुहेरी केली. सिलुए मंगळवारचे ते हिरवे पत्र घेवोन आले, आणि तडक खोक्यासमोर येवोन मथळ्याखालील बातमीचे पाचवे पान उघडोन त्यांनी तिया यांच्या हाती दिले.

"घे, गुलामा. मंत्र्याच्या काडीमोडाचं कुठं लिहिलंय, बोट ठेवून दाखव. दाखवलंस तर उद्यापासून तुझ्या चपला मी उचलीन. नाहीतर खोक्यावरून ऊठ."

तिया यांनी दोन वर्षांत पत्र हाती धरिले नव्हते. त्यांनी ते धरिले. पान त्यांच्यापुढे करडे, धुरकट पसरले होते; कोठे काही काळे, कोठे काही पांढरे. त्यांनी मनात विचार केला की उठोन जावे. मग विचार केला की उठोन कोठे जावे. मग घसा साफ केला, उजवे बोट उचलिले, पानावरोन एकवार फिरविले, आणि खाली उजवीकडे एका काळ्या चौकटीवर दाबोन ठेविले.

"हे बघ. इथं."

पानाचे तोंड या दोघांकडे होते. बोट कोठे पडले ते तिसऱ्या कोणास दिसत नव्हते. सिलुए यांनी बोटाकडे पाहिले. मग तोंड उघडिले, काही बोलणार, तो त्यांची नजर वर गेली आणि तिया यांच्या डोळ्यांवर स्थिरावली. छत्तीस वर्षे ते फळ्यापुढे उभे राहिले होते, आणि फळ्यावरचे कोणास दिसते आणि कोण दिसल्याचे सोंग करितो, हे ते तेथूनच ओळखावयास शिकले होते. बुबुळांवरची दुधाळ साय त्यांस दिसली. लोक खोळंबले. मास्तरांनी चष्मा काढिला, पुसिला, पुन्हा चढविला, आणि वाकोन पानावर नाक टेकेपर्यंत पाहिले.

मग ते उभे राहोन खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, चूक माझी. इथंच लिहिलंय. मी पाचवं पान नीट वाचलंच नव्हतं."

एकच जल्लोष जाहला. मोटारसायकलींचे भोंगे वाजले. बामोरी शिंपी दोरीवरोन झेपावला आणि आपणासही ते कलम पाहू द्यावे ऐसे म्हणू लागला, तो सिलुए यांनी पत्राची घडी घालोन तिया यांच्या काखेत खुपसली आणि शिंप्यास बजाविले, "पाहिजे तर विकत घे." शिंप्याने तत्काळ हात पाठीमागे नेले.

तिया जिंकोन घरी आले. विजयी वीराने हसावे, परंतु त्यांस हसू येईना, कारण आपले बोट कोठे पडले होते ते त्यांस ठाऊक नव्हते. त्यांनी पान उलगडिले आणि एलिझबाईंपुढे धरोन खालची चौकट वाचावयास सांगितली.

"ही होय? साबण आहे. दोन वड्या घ्या, तिसरी फुकट."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही हो. फेसाचं चित्र आहे."

तिया यांनी पानाची घडी घातली. शरम वाटली, आणि त्या शरमेखालोन काही ऊबही वाटली, आणि अखेर डोळ्यांस पाणी आले, ते मोतीबिंदूचे म्हणोन त्यांनी पुसोन टाकिले. शत्रूने जीव वाचविला म्हणजे त्याचा सूड कैसा घ्यावा, याचा खल ते दुपारभर करीत राहिले.

शुक्रवारी नवे मथळे टांगिले गेले. सिलुए बोलीप्रमाणे येवोन खोक्यापाशी वाकले आणि तिया यांच्या चपला उचलू लागले. तिया यांनी त्यांचे मनगट धरिले आणि भर दरबारात फर्मान काढिले, "चपला राहू दे. आजपासून मोठी अक्षरं मालकानं वाचायची, बारीक अक्षरं गुलामानं वाचून मालकाला सांगायची. माझ्यासारख्यानं मुंग्या मोजत बसायचं, हे बरं दिसत नाही."

लोक पोट धरोन हसले. सिलुएही हसले आणि म्हणाले, "ठरलं. पण गुलाम कोण, ते सोमवारी माझी लेक ठरवील. दवाखान्यात आठ वाजता ये, तुझ्यात काही अक्कल उरली आहे का, ते ती तपासणार आहे."

तिया यांनी त्यांजकडे पाहिले. कराराप्रमाणे रागावण्याची सोय नव्हती. "येतो," इतकेच ते बोलिले, आणि खोक्यावर थोडे सरकोन बसले.

येणेप्रमाणे मथळेकऱ्यांची फत्ते जाहली. सोमवारी उजवा डोळा आणि महिनाभराने डावा, ऐसे उभय किल्ले दवाखान्याच्या कुमकेने परत हाती आले; शहरात विचारिले त्यास, सेनुफो लोकांच्या बायका बारीक शिवण शिकवितात तेथे गेलो होतो, ऐसे तिया यांनी सांगितले, आणि थट्टा समजोन लोकांनी पुढे पुसिले नाही. फेब्रुवारीत पाणीमंत्री खासा नळ उघडावयास दानानेस आले, सोबत त्यांची एकुलती एक पत्नी होती. बाजारच्या बायांनी तिजला चौथी समजोन, बाई जपून राहा, ऐसा उपदेश केला, आणि ती बहुत चकित जाहली. नळास पाणी दोन दिवस आले. तिया आणि सिलुए शेजारी शेजारी उभे राहोन, हात पाठीमागे धरोन, हे सर्व पाहत होते.

तीन दिवसांच्या या युद्धात प्राणहानी नाही, जखमी कोणी नाही, खोके कायम. एक खरी बातमी तेवढी कामी आली. तिचे सुतक कोणी धरिले नाही. नोंद असे.