वामनमामाच्या ढलप्या

कुणाच्याही अंगणात पाऊल ठेवलं की वामनमामा आधी वाकायचा. यजमानाला वाटायचं, पाया पडतोय. मामा मात्र तिथलं गाजरगवत न्याहाळत असे. "उजेड तोडा याचा," तो म्हणायचा. "उजेड दिसला नाही का भल्याभल्याची मस्ती उतरते."

उजेड तोडायचं त्याचं साधन म्हणजे लाकडाच्या ढलप्या. लोहारा गावच्या आरागिरणीतून कापसाच्या बोऱ्यांत भरून तो त्या बाभुळगावला आणायचा. कापसाचा भाव बसलेली ती वर्षं. भरले बोरे घरी परत नेताना पाहून रस्त्यात कोणीतरी विचारायचंच, "काहून वापस आणला जी? घेतला नाही काय व्यापाऱ्यानं?"

"कापूस नोहे, कचरा हाय."

"आता सारखंच हाय ते."

गवत उपटायचं आणि वर चार बोटं थर द्यायचा, हा मामाचा नियम. एकदा उत्साहात त्यानं ढलप्या थेट दाराच्या चौकटीला भिडवल्या. उधळी, म्हणजे वाळवी, लागली आणि चौकट खालून वीतभर खाऊन गेली.

मामी म्हणाली, "आता दार लावलं तरी कुत्रं आत येते."

"कुत्रं येऊ दे. गवत आलं काय?"

उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा त्यानं मागचा कोपरा माझ्याकडे सोपवला. मी शिकलेला माणूस. दोन बोटं पुरतील असं ठरवलं आणि उरलेल्या बोऱ्यावर झोप काढली. आषाढात परत गेलो, तर माझ्याच कोपऱ्यात गाजरगवत गुडघ्याला लागलेलं. मामानं ते मलाच उपटायला लावलं. हाताला पिशव्या बांध म्हणाला, ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी कोपरापर्यंत हात सुजून लाल झाले.

रागवायला आलेला मामा माझा हात उलटसुलट करून बघत राहिला. मग म्हणाला, "मायवर गेला तू."

आईला या गवताचा असाच त्रास, वर दमही लागायचा. म्हणून कित्येक पावसाळ्यांत ती माहेरी आलीच नव्हती. पुसदहून राखी पोस्टानं यायची आणि मामा ती पोस्टमनकडून बांधून घ्यायचा. आम्ही त्यावर पोट धरून हसायचो. बहीण का येत नाही, हे मामा कधी बोलला नाही. मीही कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा कोपरा त्यानं स्वतः नव्यानं भरला. पाच बोटं.

त्या राखीला आई आली. सवयीनं नाकाशी पदर धरून अंगणात बसली. दुपारपर्यंत पदर खाली आला. परतीची गाडी चारची होती. साडेतीनला मामानं जमिनीकडे पाहत विचारलं, "निघतं काय वो बाई?"

"राह्यतो आज," आई म्हणाली. "दम नाही लागून राह्यला."

मामा उठला आणि शेजारी गेला. मामीनं मागून हाक मारली, "गोधड्या हायेत न घरात!" पण तोवर तिकडून त्याचा आवाज ऐकू येत होता, "बाई मुक्कामी हाय आमची. एखादी गोधडी द्या जी." मग त्याच्या पलीकडच्या घरी. मग त्याच्याही पलीकडे.

दिवेलागणीला तो परतला, तेव्हा खांद्यावर तीन गोधड्या होत्या.