रबराचे फासे

युरोपियन संसदेची निवडणूक तोंडावर आली होती आणि स्तेर्योसचा प्रचाराचा व्हिडिओ अकरा जणांनी पाहिला होता.

"त्यातले दोघे आपणच," अनेस्तिस म्हणाला.

पेत्रोवूनी गावातलं एकमेव कॉफीघर अनेस्तिसचं. स्तेर्योस त्याचा शाळेपासूनचा मित्र, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, आता एका चिमुकल्या पक्षाचा उमेदवार. आपण निवडून येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पुराने दोनदा गाव धुऊन नेलं तरी नदीच्या बांधाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून तो उभा राहिला होता.

"सगळा देश नको मला," तो म्हणाला. "गावाने माझ्या नावापुढे मताची फुली मारली की झालं. रोज तोंड दाखवायचंय इथे."

"अरे, पण बांधावर चार मिनिटं बोललास तू! बांध ऐकून कुणाचं डोकं तापतं का? लोक मोबाइल उघडतात तेच चिडायला."

"मग काय शिव्या देऊ?"

"तुला नाही जमणार. मी देतो. शेवटी तुझं नाव घेतो, बस."

अनेस्तिसने तावलीचा पट पुढे ओढला. लाकडी पटावर फासे आपटत खेळायच्या या खेळाशिवाय गावात कुणाच्या घशाखाली कॉफी उतरत नाही. काय बोलायचं हे त्याने ठरवलं नव्हतं, पण त्याच्या जिभेला ठरवायची गरज कधीच पडली नाही.

"ब्रुसेल्सच्या साहेबांनी फतवा काढलाय!" तो मोबाइलसमोर गरजला. "आमचे फासे फार खडखडतात म्हणे! आता रबराचे फासे! माझ्या आजोबांनी तावलीवर दोन बकऱ्या जिंकल्या, त्या काय रबरावर? म्हणून सांगतो, मत द्या स्तेर्योसला!"

व्हिडिओ त्याने श्टुटगार्टला राहणाऱ्या भाचीला पाठवला. तिला तो फार आवडला. शेवटचं वाक्य तेवढं तिला रटाळ वाटलं, म्हणून ते कापून तिने तो सगळ्यांना पाठवून दिला.

दोन दिवसांत अनेस्तिस युरोपभर गरजत होता. पोर्तुगालमध्ये कुणीतरी फाशांच्या जागी डॉमिनो घातले, इटलीत पत्ते. एका व्हिडिओत तर जन्मात तालुक्याबाहेर न गेलेला अनेस्तिस अस्खलित पोलिश बोलत होता. देशातल्या ज्या दुसऱ्या पक्षाकडे ओरडणाऱ्या घशाशिवाय काही नव्हतं, त्याला आयती घोषणा मिळाली: 'आमचे फासे, आमचा देश!' ब्रुसेल्सहून खुलासा आला की असा कुठलाही नियम नाही.

"बघा! नाही म्हणतायत म्हणजे आहेच!" कोस्मास न्हावी म्हणाला, आणि सगळ्या कॉफीघराला ते पटलं.

घरी येऊन अनेस्तिस बघतो तर त्याची बायको आस्पासिया घरातले फासे राजम्याच्या बरणीत लपवत होती.

"अगं, हे मीच रचलं! तुझ्या नवऱ्याने! या तोंडाने!"

"तू गंमत म्हणून बोललास रे, पण निघालं खरंच ना? पोर्तुगालातसुद्धा आलंय."



दुसऱ्या दिवशी स्तेर्योस कॉफीघरात आला. गर्दी इतकी, की लोक उभ्याने कॉफी पीत होते. शेजारच्या गावांतून माणसं अनेस्तिसबरोबर फोटो काढायला आली होती.

"असा कुठलाही नियम नाही," स्तेर्योस शांतपणे म्हणाला. "मी शोधून पाहिलं."

"तू तसंच म्हणणार," कोस्मास म्हणाला. "जायचंय ना तुला ब्रुसेल्सला? आत्तापासूनच त्यांची बाजू घ्यायला लागलास!"

लोक हसले. स्तेर्योसने अनेस्तिसकडे पाहिलं. 'हे मीच रचलं', एवढं एकच वाक्य त्याने बोलायचं होतं. पण आपलं कॉफीघर एवढं भरलेलं अनेस्तिसने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो पुसलेलाच कप पुन्हा पुसत राहिला. स्तेर्योस कॉफी अर्धी टाकून निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. अनेस्तिसला मनापासून लाज वाटली, पण ती वाटायला उशीर झाला होता.

मग त्याने दुसरा व्हिडिओ काढला. "मी खोटं बोललो. नियम नाही, फतवा नाही. स्तेर्योस खरा माणूस आहे."

खाली लोकांनी लिहिलं, 'डोळे बघा, धमकावलंय याला.' 'किती घेतले रे?' कोस्मासने तर येऊन त्याचा दंड दाबला आणि कानात म्हणाला, "समजलो आम्ही. तू आता काही बोलू नकोस. तुझ्यासाठी आम्ही मत देतो."

रविवारी शाळेत मतदान झालं. प्रत्येक पक्षाची मतपत्रिका वेगळी होती; पडद्याआड अनेस्तिसने स्तेर्योसच्या पक्षाची काढली आणि यादीतल्या त्याच्या नावापुढे फुली मारली. एवढ्याशा फुलीने त्याचं समाधान होईना. इतक्या वर्षांची मैत्री, आणि भरपाई काय, तर दोन रेघा? मतपत्रिकेवर खाली कोरी जागा होती. तिथे त्याने लिहिलं, 'स्तेर्योस, चुकलो. माफ कर. तुझा अनेस्तिस.' घडी घालून ती पाकिटात सरकवली, पाकीट पेटीत टाकलं आणि कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

संध्याकाळी त्याच वर्गात मोजणी झाली. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून स्तेर्योस बसला होता. दारात गाव जमलं होतं. घोषणावाल्या पक्षाचा गठ्ठा टेबलावर मावेना. स्तेर्योसच्या नावापुढे गावातून एक मत निघालं. ते कुणाचं, हे स्तेर्योसने मान खाली घातली त्यावरूनच कळलं.

"आणि ही एक बाद," मतदान अधिकारी म्हणून शहरातून आलेल्या वकीलबाई म्हणाल्या. "फुली बरोबर आहे, पण मजकूर लिहिलाय." त्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला.

आधी कुणी हसलं नाही. मग सगळेच हसले.

अनेस्तिस फाटकाशी थांबला. स्तेर्योस बाहेर आला.

"मी तुलाच दिलं रे मत."

"माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मला वाटलं, नुसत्या फुलीने..."

"नुसत्या फुलीने दोन झाली असती," स्तेर्योस म्हणाला. "त्या दिवशी बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस. आज गप्प बसायचं होतं."

अनेस्तिसच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग माफीचं काय?"

स्तेर्योसने शाळेकडे वळून पाहिलं. आत वकीलबाई गठ्ठे बांधत होत्या.

"ती बाद झाली," तो म्हणाला, आणि कॉफीघराच्या रस्त्याला न लागता सरळ घराकडे चालू लागला.