तुमी व्हता का तिथं?

उदगीरला बदली होऊन आलो त्या आठवड्यातच शमुवेलअण्णांनी माझी सापाची गोष्ट मोडून टाकली. गोष्ट चांगली होती. शाळेच्या कपाटात नाग निघतो, शिपाई खडूचं खोकं उपडं करून त्याला झाकतो, हेडमास्तर टेबलावर चढतात, वगैरे. बिलोलीच्या शाळेत असताना मी ती वर्षानुवर्षं सांगितली होती आणि लोक खुर्च्या पुढं सरकवून ऐकायचे. शेजारच्या ओट्यावर बसून अण्णांनी ती शेवटपर्यंत शांतपणे ऐकली, चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "गुरुजी, तुमी व्हता का तिथं?"

नव्हतो. त्या दिवशी मी रजेवर होतो.

"मग ऐकीव म्हणा की," अण्णा समजुतीनं म्हणाले. "ऐकीव वाईट न्हाई. फकस्त ऐकीव हाय म्हणून सांगून विकावं."

मला राग आला. गप्पिष्ट माणसाच्या शेजारी असला माणूस राहायला असणं हा नशिबाचा भाग आहे. पुढं कळलं, की हा प्रश्न ते सगळ्या जगाला विचारतात. घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी चमत्काराचा मेसेज टाकला, की खाली अण्णांचं एकच वाक्य येतं, "तुमी व्हता का तिथं?" एकदा एका मयताच्या घरी अण्णा, त्यांची बायको मार्थाकाकू आणि मी भेटायला गेलो. मुलगा सांगत होता, बाबांनी हसतमुखानं प्राण सोडला. मी डोळे मिटून घेतले. व्हायचं ते झालंच. मुलगा बिचारा चाचरत म्हणाला, "म्हंजे मी तवा दूध आणायला गेल्तो." मार्थाकाकूंनी नवऱ्याची बाही अशी ओढली, की शिवण उसवली.

"ह्यांना सवर्गाच्या दारात कोणी आडवणार न्हाई," काकू मला म्हणाल्या. "हेच दारवाल्याला आडवतील."

ही खोड अण्णांना मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात लागली. सारी हयात त्यांनी एका आडत दुकानात तूर आणि हरभरा पारखण्यात घालवली. पोतं उघडलं की वरचा माल बघायचाच नाही, कोपरापर्यंत हात आत घालून पोटातली मूठ बाहेर काढायची. "तोंडाशी माल समद्यांचाच चांगला असतो गुरुजी," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते माणसांबद्दलही वापरतात. आमच्या हेडमास्तरांशी ओळख करून दिली तेव्हा हळूच म्हणाले, "तोंडाशी बराय."

अण्णांचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. महिन्यातून एकदा त्यांच्या घरी प्रार्थनेला मंडळी जमतात. शेजारी म्हणून मलाही बोलावणं असतं, आणि काकूंच्या चिवड्यासाठी मी जातो. येशूच्या आयुष्याची हकिकत एकानं नाही, मत्तय, मार्क, लूक आणि योहान अशा चौघांनी सांगितलेली आहे, हे मला तिथंच कळलं. आणि चौघांचं सगळं जुळत नाही, हेही तिथंच कळलं, कारण अण्णा ते दर महिन्याला पाळकसाहेबांना कळवतात. कबरेपाशी देवदूत एक होता का दोन? कोंबडा एकदा आरवला का दोनदा? पाळकसाहेब तरुण आहेत आणि फार सोशीक आहेत.

"अण्णा, विश्वास महत्त्वाचा," ते म्हणतात.

"विश्वास हायच की साहेब. म्हणून तर तपासायलाव. ज्या मालावर विश्वास न्हाई, त्यात हात कोण घालतंय?"

या चौघांत त्यांना लूक पसंत. "गडी सुरवातीलाच सांगून टाकतो, की ज्यांनी डोळ्यांनी बगितलं त्यांना इचारून लिवायलाव म्हणून. आसा माणूस आडतीवर पायजे." पण त्यांचा खरा जीव आहे तो मार्काच्या एका ओळीवर. येशूला पकडून नेलं तेव्हा शिष्य पळाले, हे मत्तयही लपवत नाही. मार्क त्याच्याही पुढं जातो. एक तरुण मागं मागं चालला होता, त्याला धरायला गेले तर अंगावरचं कापड त्यांच्या हातात सोडून तो तसाच उघडा पळाला. कोण होता, पुढं काय झालं, काही नाही. पाळकसाहेब या ओळीवर कधी प्रवचन करत नाहीत. अण्णा दर वर्षी मागणी करतात.

"ह्यो खडा हाय गुरुजी," ते मला समजावत होते. "शेतातला माल आला की त्यात खडा असतो, काडी असती, माती असती. एकदम सोच्छ दिसला की समजायचं, कुणीतरी चाळणी मारली. आता खोटंच रचायचं असतं, तर आपलीच माणसं पळाली, आन् त्यातलं एक उघडं पळालं, आसं कोण लिवतंय?"

"लबाड माणूस मुद्दाम खडे मिसळील की," मी म्हणालो. सापाचा राग अजून होता.

अण्णांनी विचार केला. "मिसळतात. म्हणून तर चारी पोत्यांत हात घालायचा."

हे सगळं मला करमणूक वाटायचं, मार्थाकाकूंनी एकदा चिवडा बांधून देताना सांगेपर्यंत. अण्णांनी आपला बाप पाहिलेला नाही. म्हणजे पाहिला असेल, पण ते वर्षाचे व्हायच्या आतच बाप गेला. फोटो नाही. लहानपणापासून अण्णा बापाला पाहिलेल्या माणसांना विचारत आले. असे चौघंच होते. आई म्हणायची उंच होते, आत्या म्हणायची बेताचे, चुलते म्हणायचे बुटका. आई म्हणायची तापानं गेले, चुलते म्हणायचे सापानं. एकाच गोष्टीवर तिघांचं एकमत होतं, की माणूस देवमाणूस होता. नेमकं तेच अण्णांच्या घशाखाली उतरत नव्हतं. देवमाणूस म्हणजे चाळणी मारलेला. त्यात बाप सापडत नव्हता. ते तिघंही आता नाहीत. उरलेत फक्त बापाचे दोस्त खाजाचाचा. पूर्वी त्यांचं उदगीरला शिलाईचं दुकान होतं, आता देगलूरला मुलाकडं असतात, नव्वदीच्या पुढचे.

"मग अण्णा जात का नाहीत?"

"भेत्यात," काकू म्हणाल्या. "चाचा बी देवमाणूस म्हनले, तर मंग कुनाला इचारायचं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचांच्या मुलाचा फोन आला, की अब्बांची तब्येत उतरत चालली आहे, भेटायचं तर या. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे. "चलता का गुरुजी? साक्षीदार पायजे. उद्या कोणी इचारलं तर तुमी व्हता म्हणून सांगाल."

आम्ही देगलूरची एसटी धरली.

चाचा खाटेवर उशीला टेकून बसले होते. अंगात काही राहिलं नव्हतं, आवाज मात्र खणखणीत. सुनेनं चहा दिला. अण्णांनी हात जोडून विचारलं, "चाचा, माझा बाप कसा व्हता?"

"तेरा बाप?" चाचांनी हात वर केला. "फरिश्ता था, बेटा."

अण्णांचा चेहरा असा पडला, की मी नजर दुसरीकडं वळवली. चाचांनाही ते दिसलं असावं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि एकाएकी हसायलाच लागले, खोकला येईपर्यंत.

"मगर डरपोक था! लई भित्रा. तू पैदा झाला ना, दाईनं तुला त्याच्या हातात दिला. खडा रहा. देखता रहा. मग तुला तुझ्या फूफीकडं दिला आन् जो पळाला, नंग्या पायानं, सीधा माझ्या दुकानात. मशीनच्या मागं कपड्याच्या ढिगात घुसून बसला. म्हणतो, खाजा, इत्तासा है रे, माझ्या हातून पडला तर? शाम तक भाईर येईना. आखिर तुझी फूफी आली आन् कान पकडून घेऊन गेली."

"आत्या?" अण्णा ताडकन उठले. "आत्या व्हती तिथं? आन् जन्मभर बोलली न्हाई! चाळणी मारली म्हातारीनं!" मग माझ्या मांडीवर थाप मारून ओरडले, "गुरुजी, खडा! खडा घावला!" सून घाबरून दारात आली. अण्णा रडत होते आणि हसत होते, आणि काय झालं ते चाचांना कळेना, पण तेही हसत होते.

"मग, चाचा? पुढं?"

"पुढं काय? त्या दिवसापासून तुला हातातून खाली ठेवलाच न्हाई."

परतीच्या गाडीत अण्णांनी बसस्टँडवरची गरम भजी खाल्ली, मलाही आग्रह केला. मग म्हणाले, "पळाला, हे खरं. खाली ठेवलाच न्हाई, हे मात्र चाचांनी तोंडाशी घातल्यावानी वाटायलंय."

"मग काढून टाकायचं?"

ते खिडकीबाहेरचं तुरीचं रान बघत राहिले. "न्हाई," म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. मायेनं घातलंय."

पुढच्या प्रार्थनेला अण्णा साक्ष द्यायला उभे राहिले. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. आजवर त्यांनी ती कधी दिली नव्हती, फक्त दुसऱ्यांच्या तपासल्या होत्या. बापाची ती पळापळ त्यांनी जशीच्या तशी सांगितली, कपड्याच्या ढिगासकट, कानासकट. लोक हसले, पाळकसाहेबही हसले. मार्काच्या त्या उघड्या पोराची आठवण कुणी काढली नाही, पण अण्णांनी पाळकसाहेबांकडं एकदा अर्थपूर्ण पाहून घेतलं.

आणि मला राहवेना. एवढ्या वर्षांनी संधी आली होती. मी चिवड्याची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "अण्णा, तुमी व्हता का तिथं?"

एकच हशा पिकला. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. अण्णा मात्र हसले नाहीत. उत्तर द्यायचं होतं म्हणून त्यांनी चष्मा नीट केला.

"व्हतो की, गुरुजी," ते म्हणाले. "दुपट्यात गुंडाळलेला व्हतो. त्याच्याच हातावर."