कौशल्याबाईंच्या बोलण्याला एकमताने गुण

माणसाला बोलता येतं की नाही, हे त्याच्याशी बोलून ठरवणं अशास्त्रीय आहे. हे शास्त्र १९८४ च्या आषाढात भंडारा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात पोचलं आणि नेमकं करडी गावच्या कौशल्याबाईंच्या वाट्याला आलं.

बाईंचा डावा हात लकव्यानं गेला होता, तो बराचसा परत आला. जीभ तर कुठं गेलीच नव्हती. घरी धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू झालेला, बाईंचा जीव नुसता खालीवर होत होता. पण सुट्टीच्या कागदावर 'सामाजिक संवाद' हा नवा रकाना आलेला. त्यात वीसपैकी बारा गुण पडल्याशिवाय घर नाही. गुण देणार व्यवसायोपचाराचे, म्हणजे रुग्णाला रोजच्या कामाला पुन्हा लावण्याचं शिकणारे, सहा प्रशिक्षणार्थी.

पहिल्या दिवशी तीनपासून एकोणीसपर्यंत गुण पडले. (एकोणीसवाला धनीराम, त्याची मावशी करडीलाच दिलेली निघाली.) प्रशिक्षक ताराचंद सर हळहळले. गुण बरोबर की चूक हा मुद्दा गौण, ते सहाही जणांचे सारखे यायला हवेत, असं त्यांनी समजावलं. सबब नियम झाला: निरीक्षकानं रुग्णाला उत्तर देऊ नये, हसू नये, मान हलवू नये.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सहाही जणांना जेवण विचारलं, गाव विचारलं, लग्नाचं विचारलं, धनीरामला मावशीच्या गुडघ्याचं विचारलं. सहा पेन्सिली चालल्या, तोंड एकाचंही उघडलं नाही. 'समोरच्याकडून प्रतिसाद मिळवते': सहाही कागदांवर शून्य. सरांना भरून आलं. इतकं एकमत म्हणे नागपुरातही झालं नव्हतं. (बाईंची सुट्टी अर्थातच लांबली.)

तिसऱ्या दिवशी बाईंनी एवढंच विचारलं, "काहून रे धनीराम, माह्यावर रागावला का तू?"

धनीरामनं मान खाली घालून वेळ टिपली. बाईंना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, त्या बसल्याच.

'अनावश्यक प्रश्न विचारत नाही': पूर्ण गुण. 'इतरांच्या बोलण्यात अडथळा आणत नाही': पूर्ण गुण. एकूण वीसपैकी सोळा, सहाही कागदांवर. त्याच दुपारी सुट्टी मिळाली.

रोवणा बाईंना गाठता आला. त्या बांधावर बसून असतात, कुणाला काही विचारत नाहीत. सून शेजारणीला कौतुकानं म्हणाली, "दवाखान्यातून मोठी शहाणी होऊन आली बुढी."

आपल्याही घरात हल्ली कुणीतरी असं शहाण्यासारखं बसत असेल. आपण पूर्ण गुण दिलेच असतील, तेही विनाप्रशिक्षण.