सोनवणे सरांचा जांभळा दिवा

माझ्या लग्नात सोनवणे सरांनी माझ्या नवऱ्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते जांभळ्या दिव्याच्या उजेडात. आहेराची रांग लागली होती. सरांनी पाकीट हातात द्यायच्या आधी खिशातून साबणाच्या वडीएवढा दिवा काढला आणि नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर धरला. कार्यालयाच्या झगझगाटात काही दिसेना, म्हणून तळहाताचा आडोसा केला. सदरा निळसर चमकला. "पावडर महागातली आहे," सर मला म्हणाले. "घर नीटनेटकं असावं. सुखी राहा." माझ्या सासूबाई अजूनही त्यांना 'तुझे ते साबणवाले' म्हणतात.

हा प्रकार माझ्या लग्नापुरता नव्हता. सरांनी बँकेतल्या कॅशियरच्या बाहीवर दिवा मारलाय, बारशात पाळण्यातल्या दुपट्यावर मारलाय आणि एका शोकसभेत, ऐन भाषणात, वक्त्याच्या नेहरू शर्टावरही मारलाय. मी हे सगळं फार रंगवून सांगते. हिंजवडीच्या कँटीनमध्ये सांगितलं, परदेशातल्या मराठी मंडळात गणपतीच्या कार्यक्रमात सांगितलं, हात कसा धरतात त्याच्या नकलेसह. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. आज शेवटचं सांगते आहे, आणि या वेळी पूर्ण.

सर रसायनशास्त्रज्ञ. पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ते असे पदार्थ बनवायचे की ज्यांचा पातळ थर काचेवर चढवला आणि वीज दिली की तो थरच उजळतो. हे पदार्थ कार्बनचे, म्हणून त्यांना सेंद्रिय म्हणतात. वारज्याला सरांच्या इमारतीत तळमजल्यावर एक पाटील राहायचे. इमारत त्यांच्याच शेतात उभी राहिलेली. त्यांनी एकदा विचारलं, "डॉक्टर, तुमचं सेंद्रिय दिवं शेणखतावर चालत्यात का?" सर म्हणाले, "नाही. पण तुम्ही चालता. तुम्हीही सेंद्रियच आहात." पाटलांनी ते इमारतभर सांगितलं, "डॉक्टर म्हनले, मी सेंद्रिय हाय."

मी सरांची विद्यार्थिनी. कसबा पेठेतून सायकलवर यायचे आणि पीएचडी करायचे. आमच्या विभागात पाहुणे आले की कुणीतरी हमखास सरांची ओळख करून द्यायचं, "फार कष्टातून वर आलेत हो, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास केलाय." सर बौद्ध, वडील मार्केट यार्डात हमाल, एवढ्यावरून लोकांनी रस्त्याचा दिवा स्वतःच लावला होता. सर शांतपणे दुरुस्ती करायचे, "नाही, घरी चाळीसचा बल्ब होता. वडील बिल वेळेवर भरायचे." पाहुण्यांचा चेहरा पडायचा.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "उजेड कुणाचा, ते आधी सांगा." काहीही चमकताना दिसलं की हे वाक्य यायचं. त्या वर्षांत पुण्यात बरंच काही चमकू लागलं होतं. नव्या गाड्या, नवी दुकानं, काचेच्या नव्या इमारती. वर्तमानपत्रात कुणा उद्योजकाचं कौतुक आलं की सर पान उलटून म्हणायचे, "उजेड कुणाचा, ते दिलेलं नाही."

या पदार्थांत तांबडा आणि हिरवा त्यातल्या त्यात सोपे. निळा सगळ्यात अवघड, कारण तो लवकर मरतो. सर नेमके निळ्याच्या मागे. शेजारच्या विभागात एक डॉक्टर होते. नाव सांगत नाही, ते पुढे माझ्या लांबच्या नात्यात निघाले. ते एकदा चहाच्या वेळी म्हणाले, "सोनवणे निळाच धरणार. साहजिक आहे." दोघं-तिघं हसले. मीही ओठ दाबून हसले. माझ्या घरात असली वाक्यं जेवताना बोलली जायची, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. सर बशीत चहा ओतत म्हणाले, "अवघड आहे म्हणून धरलाय. सोपे रंग तुम्ही घ्या."

आता साबणाचं. प्रयोगाच्या काचपट्ट्या धुवायला वेगळा साबण असतो. कपड्यांच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात आणि ते जांभळ्या दिव्याखाली निळं चमकतं. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले असते. पण एकदा तो साबण संपला. स्टोअरमधून यायचा म्हणजे इंडेंटचा मागणी-अर्ज, तीन सह्या आणि दोन आठवडे. मला संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला पळायचं असायचं, तेव्हा सगळेच पळायचे. मी घरून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून पावडर आणली, दोन डझन पट्ट्या चकचकीत धुतल्या आणि वहीत लिहिलं, 'साबणाने धुतल्या.' सरांना काही सांगितलं नाही.

सरांनी त्या पट्ट्यांवर आपला पदार्थ चढवला, खोलीत अंधार केला आणि दिवा धरला. असा निळा मी तोवर पाहिला नव्हता. ताडून पाहायला त्यांनी एक कोरी पट्टी मागितली. मी हाताला लागली ती दिली, जुन्या खोक्यातली, जुन्या साबणाने धुतलेली. ती काळीच राहिली. सरांनी दोन्ही पट्ट्या पुन्हा शेजारी धरून पाहिल्या. मग त्यांनी विचारलंच, "उजेड कुणाचा?" मी म्हणाले, "आपला, सर."

त्यानंतरचे आठ महिने सरांच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले असावेत. शोधनिबंध बाहेरच्या नियतकालिकात छापून आला. त्याखाली दोन नावं होती, सरांचं आणि माझं. वीज देऊन तोच निळा उजळवायला हवाबंद पेटीचं मोठं यंत्र लागतं, तेही मंजूर झालं. सरांनी विभागात आंबा बर्फी वाटली. माझ्या त्या नातेवाइकांनी दोन तुकडे घेतले.

मग परदेशातून पत्र आलं. तिकडच्या एका गटाने सरांचा पदार्थ बनवून पाहिला होता आणि त्यांना निळा कुठे दिसत नव्हता. सरांनी पत्र दोनदा वाचलं. मी धुतलेल्या पट्ट्यांपैकी एक कोरी शिल्लक होती, ती त्यांनी दिव्याखाली धरली. तीही निळी चमकली. पदार्थ नसताना. सर खुर्चीत बसले. मला त्या क्षणी श्रीखंडाचा डबा आठवला. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "सर, चहा सांगू?"

दुसऱ्या दिवसापासून सर दिवा घेऊन विभागभर हिंडू लागले. साहेबांचा शर्ट, क्लार्कचा रुमाल, शिपायाचा गणवेश, पाहुण्यांच्या खोलीतले पडदे. माझ्या पांढऱ्या ओढणीवरही दिवा दोन सेकंद थांबला आणि पुढे गेला. ज्याला त्याला विचारायचे, "घरी कोणती पावडर? चिमूटभर आणाल?" लोक म्हणाले, सोनवण्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र हायसं वाटलं. सर सगळ्यांवर दिवा मारताहेत, म्हणजे माझ्यावर संशय नाही.

आठ दिवसांनी सरांनी निबंध मागे घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. असे कितीतरी निबंध खपतात. त्यांनी लिहिलं, 'काचेवर कपड्यांच्या पावडरीचा अंश होता. तो कुठून आला ते सांगता येत नाही. जबाबदारी माझी.' त्या पत्राखाली एकच नाव होतं.

तीन जणांची कमिटी बसली. त्यातले एक माझे नातेवाईक. बाहेर व्हरांड्यात ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उजेड पाडला. जागा कशा भरल्या जातात, ते आता तरी कळलं असेल." माझ्या एका डब्याची चूक त्यांनी सरांच्या अख्ख्या समाजाच्या माथी मारली, आणि मी चार पावलांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर वाक्य त्यांच्या घशात गेलं असतं. मी नाही उघडलं. भित्री होते मी. दुसरा शब्द नाही.

यंत्र नातेवाइकांच्या विभागात गेलं. सरांची बढती अडली ती अडलीच. त्यांना बाहेरच्या कंपन्यांच्या ऑइलपेंटचे नमुने तपासायला बसवलं आणि निवृत्तीपर्यंत ते तेच करत राहिले. एकदा मी विचारलं, तुमच्या पदार्थाचा खरा रंग मग कोणता? म्हणाले, "पोपटी. मंद आहे. पण आपला आहे."

मी पीएचडी अर्धी सोडली. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळणार होते, आणि त्यांच्यातल्या तारखा दुरुस्त करायला माणसं हवी होती. निरोप घ्यायला गेले तर सर म्हणाले, "दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायला चाललीस. चांगलं आहे." मला वाटलं, साधं बोलले.

दिवा मात्र सुटला नाही. आधी विभागात, मग बँकेत, लग्नात, बारशात. त्याचे किस्से झाले. मी सांगितले ते, आणि माझ्याइतके चांगले कुणीच सांगितले नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर वारज्याला त्यांच्याकडे गेले. सर थकलेत. काकूंनी चकली पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "नवे कपडे घालून आलीस, आता होईल तपासणी." मी माझा नवा फोन सरांना दाखवला. त्याचा पडदा सेंद्रिय पदार्थांचा, ज्याच्या मागे सर होते त्याच जातीचा. त्यांनी भिंग काढलं आणि पडद्यावर वाकले.

"बघ, ठिपके आहेत. लाल, हिरवा, निळा. निळा मोठा ठेवलाय, दिसतो?"

"का, सर?"

"लवकर मरतो. मोठा ठेवला की जरा सावकाश मरतो." त्यांनी फोन परत दिला. "छान केलंय. कुणी केलं असेल, फार छान केलंय."

त्यांच्या आवाजात हेवा नव्हता. तो असता तर मी कदाचित त्याही दिवशी गप्प बसले असते. मी म्हणाले, "सर, ती पावडर मी आणली होती. घरून."

सर भिंग पुसत होते. "श्रीखंडाच्या डब्यातून," ते म्हणाले. "डबा बेसिनखाली होता. ओढणीशी जुळली पावडर. पहिल्याच दिवशी."

"पहिल्याच दिवशी? मग आठ दिवस सगळ्यांच्या कपड्यांवर..."

"एकट्या तुझ्या ओढणीवर मारला असता, तर लक्षात राहिलं असतं लोकांच्या. सगळ्यांवर मारला, तर काय, सोनवणे वेडा झाला."

मी म्हणाले, मी आता लेखी देते, साहेबांना, नियतकालिकाला, कुणाला म्हणाल त्याला. सर म्हणाले, "कमिटीतले दोघं गेले. तिसरे तुमच्याच नात्यातले. त्यांना आता स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही म्हणे. कुणाला देतेस?"

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला की. चहा सांगू का म्हणालीस, तेव्हा फार आला."

"मग का सर?"

सरांनी भिंग डबीत ठेवलं. "मला नावं ठेवायला त्यांना कारण लागत नव्हतं, मेधा. तुला ठेवायला ते एक पुरलं असतं. मग बसली असतीस घरी."

काकू आतून चहा घेऊन आल्या. मी रडत होते. त्यांनी काही विचारलं नाही, कप ठेवला. मला वाटतं त्यांनाही सगळं माहीत होतं, आणि माझ्या लग्नात त्या माझ्या सासूबाईंचं बोलणं ऐकत शेजारीच उभ्या होत्या.

निघाले तेव्हा सर जिन्यापर्यंत आले. खालून पाटील गच्चीवर जायला वर येत होते, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. सरांचा हात खिशात गेला. पाटील सवयीनं एका पायरीवर थांबले आणि छाती पुढे काढून म्हणाले, "बघा डॉक्टर, सुनंनं नवी पावडर आनलीया." सरांनी तळहाताचा आडोसा करून दिवा धरला, मान डोलावली. पाटील खूश होऊन आमच्या शेजारून वर गेले.

"सर, आता कशाला?" मी विचारलं.

"एकदम थांबलो तर लोक विचारतील, का थांबलात," सर दिवा खिशात ठेवत म्हणाले. "मग सांगावं लागेल, का सुरू केलं होतं."