मेजरसाहेबांचा दुखवटा

अप्पा मास्तर माझ्या गिरणीत दळणाचा डबा ठेवत नाहीत, तैनात करतात. आधी बायकांचे डबे उंचीप्रमाणे लावतात, ज्वारी एका अंगाला, गहू दुसऱ्या अंगाला, मग दोन पावलं मागं सरून नजर टाकतात आणि म्हणतात, "नागनाथा, आता कर सुरू." गिरणी माझी आणि हुकूम यांचा! एकदा मी चिडलो. म्हटलं, "अप्पा, जो आधी आला त्याचं आधी. उंची कसली बघताय?" तर म्हणाले, "म्हणूनच तुझं नाव मुरुम गावाच्या बाहेर गेलं न्हाय. मेजरसाहेब असते तर तुला सात दिवस कोठडी दिली असती."

हे मेजरसाहेब कोण, ते सांगतो. अप्पा शाळेत कवायतीचे मास्तर. रिटायर झाले त्या साली आठवडी बाजारात त्यांना रद्दीवाल्याकडं एक कव्हर फाटलेलं, उशीएवढं जाड इंग्रजी पुस्तक सापडलं. प्रशियाच्या फौजेतल्या कुण्या अधिकाऱ्याचं चरित्र. प्रशिया आता नकाशात नाही, आणि तो अधिकारी जाऊनही दीडशे वर्षं तरी झाली असतील. पण अप्पांचं इंग्रजी बेताचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन रोज पाव पान, त्याच्यावर एक ओळ नाही. त्यामुळं अप्पांच्या लेखी तो माणूस नऊ वर्षं चांगला हिंडता-फिरता होता. नाव इतकं लांबलचक, की पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याचं नुसतं मेजरसाहेब करून टाकलं.

रोज सकाळी गिरणीत खबर यायची. "मेजरसाहेबांना घोड्यानं पाडलं." दुसऱ्या दिवशी, "बरं हाय आता, गुडघा लई सुजलाय." एकदा तोंड पाडून आले. म्हटलं काय झालं? "बढती डावलली रं. जनरलचा नकाशा चुकला, ह्यांनी तोंडावर सांगितलं. आता गवताच्या कोठारावर बदली." मी म्हणालो, "म्हणजे आपल्या झेडपीसारखंच की." यावर अप्पांनी दोन दिवस माझ्याकडं दळण टाकलं नाही. हातानं भाकरी थापणारा एकटा माणूस, दोन दिवस काय खाल्लं देव जाणे.

माझ्या पुतणीच्या लग्नात तर कहर केला. पंगतीचा ताबा घेतला. वाढप्यांच्या तीन तुकड्या, भाताची डावी फळी, वरणाची उजवी, चपात्या राखीव. शिट्टी वाजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. वरणवाले शिट्टीविनाच निघाले ते सुसाट टोकाला गेले, भात अडकला मांडवाच्या दारात, आणि शिट्टी राहिली अप्पांच्या दुसऱ्या सदऱ्यात. उमरग्याचे पाहुणे पत्रावळीवरचं वरण दोन्ही हातांनी अडवत बसले होते. अप्पा शांत. "मेजरसाहेबांचीबी पहिली लढाई अशीच हुकली होती."

अप्पांची बायको, आमच्या सुमनकाकू, होत्या तोवर त्यांना लगाम होता. "तुमच्या मेजरला म्हणावं, कांदे निवडू लागा," असं त्या माजघरातून म्हणायच्या आणि अप्पा मुकाट्यानं कांदे निवडायचे. काकू करोनात गेल्या. मूलबाळ नाही. त्यानंतरही अप्पांचं पाव पान चुकलं नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी अप्पा डबा न घेताच आले. गिरणीच्या पट्ट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "नागनाथा, मेजरसाहेब गेले."

मला हसू आवरेना. माझी खोड अशी, की गंमत दिसली की हात शिवशिवतात. मी लगेच गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'अप्पा मास्तरांचे मेजरसाहेब आज देवाघरी गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' वाटलं, चार जण हसतील.

कशाचं काय! लोकांनी खरंच धरलं. अप्पांचा कुणी भाऊबंद मिलिटरीत होता म्हणे, आपल्याला ठाऊकच नव्हतं! दहा वाजता त्यांच्या अंगणात चपलांचा ढीग. सुतक म्हणजे चूल पेटायची नाही, म्हणून चार घरांतनं पिठलं-भाकरी आली. अप्पांनी व्हॉट्सॲपला मेजरसाहेबांचा पुस्तकातला फोटो लावलेला, पोरांनी तो उचलून चौकात फ्लेक्ससुद्धा लावला. भरघोस मिशा, छातीवर पदकं, खाली 'शोकाकुल, समस्त ग्रामस्थ'. माकणीहून एक माजी सैनिक मोटारसायकलवर आले, पदकं लावून, आणि फ्लेक्ससमोर उभं राहून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. आता हे फुटलं, की गाव अप्पांची जन्मभर टर उडवणार, आणि करणारा मी.

अप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. येणारा प्रत्येक जण रीतीप्रमाणं विचारत होता, "कसं झालं हो मास्तर?" आणि अप्पा सांगत होते, "गुडघा आधीपासूनच दुखरा. शेवटी लई एकटे पडले होते. खिडकीत बसल्या बसल्याच गेले." बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. शेजारची सरूआत्या तर ज्याला बघितलं नाही त्याच्यासाठी मोठ्यानं रडली.

मी अप्पांना हाताला धरून माजघरात नेलं. "अप्पा, बास झालं. चूक माझी हाय. मी बाहेर जाऊन सगळ्यांना खरं सांगतो, मला काय शिव्या घालायच्या त्या घालू देत."

"नको रं," ते म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता. "बसू दे त्यांना. तुझी काकू गेली तवा दवाखान्यातनंच नेली. दारात कुणी आलं न्हाय. दहा दिवस म्या त्या ओसरीवर एकटाच बसलो. कुणी इचारलंच न्हाय, कसं झालं म्हणून. एकदा तरी सांगावं लागतं रं माणसाला. माझं आतच राहिलं."

मला शरमेनं मान वर करवेना. त्यांच्या-माझ्या घरात एक भिंत. त्या दहा दिवसांत मी भिंतीवरनं दुधाची पिशवी सोडत होतो आणि ती उचलायला अप्पा यायच्या आधी आत पळत होतो. भीती होती, सगळ्यांनाच होती. पण भीती गेल्यावरही मी गेलो नाही. पुढं विषय शिळा झाला म्हणून सोडून दिला. नऊ वर्षं प्रशियाची खबर रोज ऐकली, आणि काकूंचं एकदाही विचारलं नाही.

अप्पांना घेऊन मी बाहेर आलो. ते नको म्हणाले होते, तरी खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, ते माजी सैनिकसुद्धा. मी खाली बसलो, अप्पांच्या समोर, मांडी घालून.

"अप्पा," मी म्हणालो, "आमची सुमनकाकू कशी गेली?"

सरूआत्यानं डोळे पुसले आणि ती पुढं सरकली. अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ती नीट करत राहिले.

"मंगळवार होता," ते म्हणाले. "सकाळी तिनं च्या नको म्हणलं. कधी न्हाय म्हणायची न्हाय."