कॅनडाची मूठभर माती

देश पसंत करण्यापूर्वी त्याची मूठभर माती पाहायला मागणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. ते अमळनेरचे तोतारामनाना. नव्वद सालानंतर लवकरच, कॅनडात ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्या उद्योजकास तेथे कायमचे राहण्याचा परवाना मिळतो, असे त्यांच्या कानी आले. नानांचा जिनिंगचा कारखाना होता. कपाशीतून सरकी आणि रुई वेगळी करता करता त्यांच्या भुवयांवरही रुई चढली होती. त्यांनी मुंबईच्या एका सल्लागारास पत्र धाडले, "रक्कम तयार आहे. आधी मातीचा नमुना पाठवावा."

सल्लागार स्वतःच अमळनेरला आला. मी जळगावी संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो आणि नानांच्या घरची धर्मकृत्ये माझ्याकडे असत, म्हणून त्या दिवशी मीही बैठकीत होतो.

"नाना, तुम्ही जमीन घेत नाही आहात," सल्लागार नम्रतेने म्हणाला. "रक्कम तिथल्या उद्योगात काही वर्षं राहील. त्याबदल्यात तुम्हाला राहण्याचा हक्क."

"हक्काचा सातबारा निघतो?"

"सातबारा नाही. एक कागद मिळतो."

"त्यावर विहीर, झाडं, वहिवाट, काही लिहिलेलं असतं?"

"तसं काही नसतं."

"मग ती लग्नपत्रिका झाली. या म्हणतात, जेवायला काय ते सांगत नाहीत."

सल्लागार हसला, पण नाना हसले नाहीत. शेवटी त्याच्या कोणा आप्ताने छायाचित्रांच्या रिळाच्या डबीतून तिकडची चिमूटभर माती आणून दिली. नानांनी ती तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकून मळली, हुंगली. मग निर्णय दिला, "गव्हाची आहे. कपाशी येणार नाही. पण माणसाला चालेल."

तेव्हापासून नानांच्या जिभेवर एकच वाक्य बसले. शहरी मंडळींशी ते आमच्यासारखेच बोलत, परंतु हे वाक्य मात्र अहिराणीतच यायचे, "नोकर म्हणीसन जाणार नही, मालक म्हणीसन जासू." पानवाला, पोस्टमन, बसवाहक, सर्वांनी ते ऐकले होते. वाहक त्यांना चिडवी, "नाना, कॅनडाचं तिकीट फाडू का धरणगावचं?" नाना शांतपणे म्हणत, "आज धरणगावचं दे. तिकडचं मी तुझ्याकडून घेणार नाही. तू सुटे देत नाहीस."

त्यांच्या तयारीला शिस्त होती. थंडीचा सराव व्हावा म्हणून ते मार्गशीर्षात पहाटे विहिरीवर स्नान करीत. एकदा मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, संकल्पात आपण गोदावरीच्या उत्तर तीरावर आहोत असं सांगतो. तिथं पूजेला बसल्यावर काय सांगायचं?" प्रश्न रास्त होता. देवापुढे आपला ठावठिकाणा खरा सांगावा, ही आपली परंपरा. मी तीन दिवस ग्रंथ चाळले आणि एका मोठ्या सरोवराच्या उत्तर तीरावर त्यांना बसवून दिले. त्यांनी तो संकल्प पाठ केला.

नानांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. घरात दुसरे माणूस म्हणजे त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या अक्का. चौदाव्या वर्षी वैधव्य येऊन त्या माहेरी परतल्या, त्याच वर्षी आई गेली, आणि दोन वर्षांच्या तोतारामाला त्यांनीच वाढवले. मी इतकी वर्षे त्या घरी जात होतो, पण अक्कांचे दर्शन क्वचितच घडे. चहाचा पेला दाराआडून येई, एवढेच.

भाद्रपदात एके दुपारी नाना जळगावी माझ्याकडे आले. हातात अर्जाचे कागद होते. बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "शास्त्रीबुवा, मोठ्या बहिणीला दत्तक घेता येतं का?"

मला हसू आले. "नाना, ती तुम्हाला घेईल एक वेळ."

"थट्टा नको. शास्त्र सांगा."

त्यांनी कागद पुढे केले. अर्जदारासोबत कुटुंब नेता येत होते. परंतु तिकडच्या नियमात कुटुंब म्हणजे पत्नी आणि मुले. बहिणीसाठी रकाना नव्हता. सल्लागाराने हात टेकले होते. म्हणून नानांनी स्वतःच मार्ग काढला होता. अक्का त्यांची मुलगी झाली, की प्रश्न मिटला.

"त्र्याहत्तर वर्षांची मुलगी?"

"वय कोण विचारतो? मुलगी अविवाहित लागते, तेवढी अडचण आहे."

मी म्हणालो, "पण नाना, या वयात त्यांना त्या थंडीत कशाला नेता?"

नानांनी कागदांची घडी घातली. मग हलकेच म्हणाले, "अक्का सकाळी पुढच्या दारानं निघत नही. कोणी कामाला निघालेलं असतं, तिचं तोंड दिसलं तर परत फिरतं. गल्लीत लग्न असलं की ती मागच्या खोलीत. साठ वर्षं झाली. तठे तिले कोणी वळखत नही, शास्त्रीबुवा. तठे ती सकाळी फिराले जाई."

मला कारखान्यातली पूजा आठवली. दरवर्षी दसऱ्याला कपाशीचा हंगाम उघडताना कारखान्यात काटापूजन होई. पहिल्या गाडीची कपाशी तोलण्यापूर्वी काट्याला आणि शेतकऱ्याला ओवाळायचे. "पाच सुवासिनी बोलवा," असे सांगणारा मीच होतो. तबके अक्का सजवीत आणि मी मंत्र सुरू करण्यापूर्वी आत निघून जात. ते जाणे मी कितीदा पाहिले होते, आणि मला ते योग्यच वाटले होते.

"दत्तकाला आधार नाही, नाना," मी सांगितले.

"वाटलंच होतं." ते उठले. "मग कळवतो त्यांना. आमचं कुटुंब दोन माणसांचं आहे, तुमच्या कागदात एकच मावतं."

महिन्याभराने दसरा आला. मी अमळनेरला पोहोचलो तेव्हा काट्याला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. नशिराबादहून सोयरिकीतल्या स्त्रिया आल्या होत्या. अक्कांनी तबक चौरंगाशी ठेवले आणि त्या वळल्या.

"अक्का, थांबा," मी म्हणालो. "ओवाळायचं तुम्हीच."

त्यांनी नानांकडे पाहिले. नाना माझ्याकडे पाहत होते. एक स्त्री कुजबुजली, "शास्त्रीबुवा, असं चालतं का?"

"ज्यांनी या घराचा मालक वाढवला, त्यांचा हात चालतो," मी म्हणालो. ग्रंथात नेमके वचन आठवेना. मी शोधत बसलो नाही.

अक्कांनी काट्याला ओवाळले. पण पहिल्या गाडीचा शेतकरी समोर येताच त्यांची कुंकवाची बोटे थबकली. तोही बिचारा जागच्या जागी घुटमळला. वर्षाचे पीक त्याच्या गाडीत होते. मग मीच त्याच्या पुढे झालो, टोपी काढली आणि वाकलो. अक्कांचे बोट पुढे आले आणि कुंकू कपाळाऐवजी नाकावर टेकले.

मी सरळ झालो तेव्हा तो शेतकरी माझ्या मागे येऊन उभा होता. त्याच्यामागे दोन हमाल. आणि सर्वांच्या शेवटी, स्वतःच्या कारखान्यात, टोपी हातात घेऊन मान खाली घालून उभे होते तोतारामनाना.